विरजण म्हणजे खाणं नव्हे

डॉ. मृणाल कुरणे यांच्या सांगलीतल्या दवाखान्यात भिंतीवर दोन पाट्या होत्या. वरची जुनी, सगळ्यांच्या ओळखीची: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ खालची नवी, तिचा रंग अजून चकाकत होता: ‘रुग्णाने कोणाच्या हातचे खाल्ले, हे येथे सांगितले जात नाही.’ दोन्ही पाट्या सरकारी हुकमाने लागलेल्या. यंत्राला जे दिसतं ते माणसाला झेपतंच असं नाही, एवढा अनुभव सरकारच्याही गाठीला आता जमा झाला होता.

त्या पाट्यांखालच्या बाकावर हेमलताबाई आवटी बसल्या होत्या. खरं तर त्यांचा मुलगा शार्दूल याने त्यांना आपल्या खांद्याला टेकवून ठेवलं होतं. दिवाळीत न्यूमोनिया झाला, अतिदक्षता विभागातल्या जालीम औषधांनी तो गेला, आणि जाताना पोटातली सारी वस्ती उठवून गेला. ओसाड घरात गुंड शिरावा तसा एक चिवट जीवाणू तिथे शिरला. औषध दिलं की तो दबून बसे, थांबवलं की पुन्हा डोकं वर काढी. चांगल्या अंगापिंडाच्या हेमलताबाई आता शालीच्या घडीएवढ्या राहिल्या होत्या. जीभ मात्र अजून शाबूत होती.

“आई, पाणी घेतेस?”

“कशाला? राहतंय का काही?”

पोटातल्या जीवाणूंची मोजदाद पूर्वीही होत असे. पण ती विष्ठेवरून. गावाच्या वेशीवरचा नाला तपासायचा आणि गावात कोण कोण राहतं ते ठरवायचं, असा तो प्रकार. कोण आहे ते कळे, कुठे राहतं ते कळत नसे. मग तळ्यातल्या काही जीवाणूंनी मार्ग दाखवला. पाण्यावर तरंगता यावं म्हणून हे जीवाणू अंगात हवेच्या पोकळ कुप्या करतात. शास्त्रज्ञांनी ती विद्या एका निरुपद्रवी जीवाणूला शिकवली आणि पोटातल्या ठरावीक बिऱ्हाडाशेजारी जाऊन बसायचंही शिकवलं. रुग्णाने तो पेलाभर पाण्यातून प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला यायचं. पोकळ कुप्यांवर आपटून आवाज परततो आणि पडद्यावर ठिपके उजळतात. लोक त्याला ‘पोटाचा नकाशा’ म्हणू लागले.

नकाशात पहिल्यांदा कळलं की पोटातही सगळ्यांचा दर्जा सारखा नसतो. पोकळीतून वाहत जाणारे वाटसरू असतात. आतल्या बुळबुळीत थरात भाडेकरू राहतात. आणि आतड्याच्या भिंतीत ज्या बारीक खाचा असतात, त्यांत बसतात ती कुळं. कुळकायदा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. एकदा कूळ लागलं की ते हलत नाही, आणि त्याच जातकुळीचा दुसरा कुणी आला तर त्याला जागा देत नाही. ही कुळं एका घरात, एका ओट्यावर, एका हातचं वर्षानुवर्षं खाऊन लागतात. म्हणजे रक्त तपासून कोणी जन्म दिला ते कळतं, तसं नकाशावरून कोणी जेवू घातलं ते कळू लागलं.

मग व्हायचं ते झालं. वधूवरांच्या पत्रिकेबरोबर पोटपत्रिका जुळवणारे गुरुजी निघाले. ‘दहा वर्षं आई माझ्याकडेच जेवली’ असं कोर्टात शपथेवर सांगणाऱ्या एका चिरंजीवांच्या मातोश्रींचा नकाशा शेजारच्या पानवाल्याच्या घराशी जुळला. वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या दोन प्रतिष्ठितांचे नकाशे जुळले आणि एक मंत्रिपद गेलं. त्या आठवड्यात कायदा झाला, पाटी लागली.

“आवटी मावशी, या.”

डॉक्टरांनी पडद्यावर दोन नकाशे शेजारी लावले. एक गेल्या वर्षीचा. महापालिकेच्या शिबिरात विश्रामबागेतल्या सगळ्यांचेच काढले होते. त्यात खाचाखाचा उजळलेल्या होत्या. दुसरा कालचा. तो काळा होता.

“हे इथं, अपेंडिक्सच्या टोकाशी, थोडी मंडळी शिल्लक आहेत. बाकी कुणी नाही. आपण पेढीतून निरोगी माणसांचे जीवाणू आणून दोनदा सोडले. दोन्ही वेळा आले, फिरले, निघून गेले. तुमच्या खाचा परक्याला घेत नाहीयेत. आता जे पूर्वी बसले होते त्याच गोतातले हवेत.”

“माझे घ्या ना,” शार्दूल म्हणाला. “मी पोटचा मुलगा आहे.”

“तुमचा नकाशा पाहिला. पाचवीपासून तुम्ही साताऱ्याला होस्टेलवर, तिथं टायफॉइड, मग पुण्यात डबा. तुमच्यात आईचं कुणीही उरलेलं नाही.”

शार्दूलला हे टोचलं. सूनबाईही बादच होती. ती दूधदुभत्याला शिवत नसे आणि लग्नानंतर चार दिवस सलग सांगलीत राहिली नव्हती.

“मावशी, मी नाव सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या आणि उगाचच दाराबाहेरच्या पाट्यांच्या दिशेने पाहिलं. “पण तुम्हीच आठवा. शेजारीपाजारी, नात्यात, तुम्ही नेमानं कुणाच्या हातचं खाता?”

“कुणाच्याही नाही.”

“पूर्वी एकत्र चूल होती, असं कुणी?”

हेमलताबाईंनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

“त्या वेळची कुळं जुनीच असतात. पण ही नुसती जुनी नाहीत. अधूनमधून त्यांना भर मिळत आलीय. अगदी गेल्या वर्षापर्यंत.”

“अहो, सांगितलं ना. ह्यांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून दुसऱ्या घरचा घास मी तोंडात घातलेला नाही. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा मी घरी आणून चिमण्यांना घालते.”

“दही?”

“घरचं.”

“विरजण कुठून येतं?”

हेमलताबाईंनी डॉक्टरांकडे, वैद्यकशास्त्र कुठवर घसरलंय अशा नजरेने पाहिलं.

“विरजण म्हणजे खाणं नव्हे,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर कायद्याने बांधलेल्या होत्या. त्यांनी नुसता पडदा थोडा जवळ ओढला. शार्दूलच्या लक्षात आलं की आईचा चेहरा उतरलाय तो आजाराने नव्हे.

विश्रामबागेतला जुळा बंगला दोन आवटी भावांनी मिळून बांधला होता. आधी दोन्ही अर्ध्या भागांना एकच स्वयंपाकघर होतं. थोरल्या वसंतरावांच्या पत्नी हेमलता आणि धाकट्या दिनकररावांची उज्ज्वला, या दोघी जावांनी एकाच ओट्यावर अठरा वर्षं काढली. दिनकरराव अकाली गेले, मुलं शिकायला पांगली, चुली वेगळ्या झाल्या. पण त्या भांडण होऊन नव्हे. भांडण त्यानंतरचं.

वसंतरावांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. डायलिसिसवर असताना पाणीसुद्धा मोजून द्यायचं, ताक-दही बंद. हेमलताबाई पेल्यावर खूण करून पाणी देत. एका दुपारी त्यांचा डोळा लागला असताना वसंतराव काठी टेकत शेजारी गेले आणि उज्ज्वलाने त्यांना पेलाभर ताक दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. डॉक्टर म्हणाले, ताकाचा काही संबंध नाही, तसेही चार-आठ दिवसच होते. पण डॉक्टर घरी गेले, आणि हेमलताबाई अंगणात उभ्या राहून, नेण्यासाठी जमलेल्या माणसांदेखत म्हणाल्या, “तुझ्या हातचं पिऊन गेले ते. यापुढे तुझ्या हातचा घास माझ्या पोटात जाणार नाही.”

हे गल्लीभर ऐकू गेलं.

आठ-दहा दिवसांतच अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत झाली. सुतकाचे दिवस संपले तेव्हा हेमलताबाईंच्या घरातलं विरजण आंबून वाया गेलं होतं. सकाळी तुळशीला पाणी घालायला त्या मागे आल्या तर भिंतीवर स्टीलची वाटी, वर झाकण. आत चमचाभर दही. त्यांनी वाटी उचलली ती फेकायलाच. पण ते विरजण उज्ज्वलाचं कुठे होतं? सासूबाई माहेराहून येताना घेऊन आल्या होत्या, तेव्हापासून ते मोडलं नव्हतं. सासूबाईंची वस्तू टाकायची कशी? त्यांनी दूध विरजलं.

तेव्हापासून रिवाज पडला. उन्हाळ्यात विरजण फसफसलं, थंडीत लागलं नाही, की हेमलताबाई रिकामी वाटी भिंतीवर पालथी ठेवत. दुसऱ्या दिवशी ती सुलटी, विरजण घातलेली असे. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून त्या वाटीखाली आपल्या झाडाचा कढीपत्ता ठेवत. कढीपत्ता झाडाचा, तो काही त्यांनी दिला असं होत नाही. दोघी एकमेकींना दिसत नसत. दिसल्या तर एकीला आत काहीतरी आठवे. आणि दिवेलागणीनंतर वाटी कधी ठेवली गेली नाही, कारण तिन्हीसांजेला घरातून विरजण देऊ नये, हे सासूबाईंनी दोघींनाही एकदमच शिकवलं होतं.

अशा तऱ्हेने शपथ अक्षरशः पाळली गेली. घास गेला नाही. बाकी सगळं गेलं.

हेमलताबाईंनी शेवटी कागदावर नाव लिहून दिलं, तेव्हा दवाखान्याने रीतसर उज्ज्वलाला विचारलं. जुळणारी व्यक्ती तुम्ही आहात, देणार का? संमती ऐच्छिक असते. उज्ज्वलाने दुसऱ्या दिवशी कळवलं: नाही.

शार्दूल संतापला. “सूड घेतेय काकू. बारा वर्षं वाट बघितली असणार. मी जाऊन पाय धरतो, नाहीतर वकील गाठतो.”

“आधी दोघांपैकी एक काय ते ठरव,” हेमलताबाई पडल्या जागेवरून म्हणाल्या. “आणि वकील काय करणार? तिच्याकडून जप्ती आणणार?”

“आई, तुला कळतंय का? डॉक्टर म्हणाल्या, पुढचा झटका तू...”

“कळतंय.”

त्यांना खरंच कळत होतं. सूड असता तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटत होतं. सुडाशी कसं वागायचं ते माणसाला ठाऊक असतं. पण पालथी वाटी बारा वर्षं न चुकता भरणारी बाई सूड कसा घेईल? हे कोडं त्यांनी दोन दिवस छताकडे बघत सोडवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या उठल्या, भिंत धरून चपला शोधल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. दोन फाटकं लागूनच होती. मधे दोनदा त्यांना बसावं लागलं. शार्दूल मागे धावला, तर त्यांनी हातानेच त्याला चार पावलं लांब ठेवलं.

उज्ज्वला शेंगा सोलत बसली होती. दारात कोण ते दिसल्यावर मांडीवरचं सूप खाली गेलं.

“ताई! चालत आलात?”

“विमान मिळालं नाही.”

उज्ज्वलाने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. हात लागला आणि तिला हाडं लागली. तिने हात काढून घेतला.

“नाही म्हणालीस,” हेमलताबाई म्हणाल्या.

“हो.”

“रागानं?”

“रागानं नाही म्हणायला मला इतकी वर्षं लागली असती का? वाटी दुसऱ्याच दिवशी फोडली असती.” ती शेंगा वेचायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. “माझ्या हातचं घेतलं की माणूस जातं, ताई. तुम्हीच म्हणालात. त्यानंतर मी कुणाला डोहाळजेवणाला बोलावलं नाही, कुणाच्या बारशाला डबा नेला नाही. आता हे दिलं आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर? शार्दूल म्हणेल, काकूनं दोघांनाही पोचवलं. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा नाही ऐकायचं मला.”

दारातला शार्दूल खाली बघू लागला. त्याने जवळजवळ तेच म्हटलं होतं.

हेमलताबाईंना दम लागला होता. तो ओसरेपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या. सासूबाईंचा ताकाचा डेरा तिथेच, पूर्वीच्याच जागी होता.

“किती प्यायले ते?”

“कोण?”

“तुला माहितेय कोण.”

“पेलाभर. मग आणखी मागितलं. मी नाही म्हटलं.” उज्ज्वला थांबली. “मी म्हटलं, भाऊजी, ताईंकडे का मागत नाही? तर म्हणाले, तिच्याकडे मागितलं की तिला नाही म्हणावं लागतं. पाणी मोजताना तिचा हात कापतो, मला दिसतं. म्हणून इकडे आलो.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“कधी सांगणार? अंगणात? भिंतीवरून?”

हेमलताबाईंनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं नाही. ते तोंडाशी धरून ठेवलं. मग म्हणाल्या, “ताक आहे?”

“तुम्हाला बंद आहे.”

“आहे का नाही, ते सांग.”

“ताई, डॉक्टरांनी...”

“आई, अजिबात नाही,” शार्दूल आत आला. “दूध-दही काही चालणार नाही तुला सध्या. रात्रभर...”

“तू तिथंच उभा राहा आणि ऐक. साक्षीला माणूस लागतो.” त्यांनी हात पुढे केला. “उज्ज्वला, मी मागतेय. तू देत नाहीयेस, मी मागून घेतेय.”

उज्ज्वला आत गेली. बराच वेळ पेल्याचा आवाज येत राहिला. ती पेला घेऊन आली तेव्हा त्यात तळाशी चार घोट होते.

“एवढंच?”

“मोजून देतेय,” उज्ज्वला म्हणाली, आणि तिचा हात कापत होता.

हेमलताबाईंनी तो हात पेल्यासकट धरला. ताकाला मीठ, आलं आणि चुरडलेल्या पानाचा वास होता.

“कढीपत्ता?”

“तुमचाच. भिंतीवरचा.”

त्या प्यायल्या. सावकाश, सगळं. पेला परत दिला आणि मुलाकडे वळल्या. “मागून प्यायलेय. उद्या मला काही झालं, दवाखान्यात झालं, घरात झालं, तरी हिचं नाव घ्यायचं नाही. तुझ्या बाबांनीही मागूनच घेतलं होतं. ते मागायला गेले होते आणि हिनं नाही म्हटलं नाही, एवढंच झालं होतं.”

उज्ज्वला सोललेल्या शेंगांच्या टरफलांत बसली आणि रडली. हेमलताबाई रडल्या नाहीत. त्यांच्या अंगात तेवढं पाणी नव्हतं.

ताकाने रात्री आपला गुण दाखवला. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. हेमलताबाई पहाटेपर्यंत कण्हत होत्या, पण कुणाचं नाव घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात उज्ज्वलाच्या तपासण्या झाल्या आणि मग ते झालं. दवाखान्याच्या भाषेत त्याला जीवाणूरोपण म्हणतात. घरात त्याला काय म्हणावं ते कुणालाच सुचेना, तेव्हा सगळे ‘ते’ म्हणू लागले. काय कशातून घेतात आणि नळीने कुठे पोचवतात, हे शार्दूलने आईला समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली, “प्रसादाची कृती विचारू नये.”

त्यानंतरचे दिवस नुसते वाट बघण्याचे होते. ताप आला, उतरला. एकदा पुन्हा तसाच त्रास झाला आणि शार्दूलने अॅम्ब्युलन्सला फोनही केला. त्या रात्री उज्ज्वला हेमलताबाईंच्या उशाशी बसून होती. ती भिंत ओलांडून नव्हे, फाटकातून आली होती. पहाटे हेमलताबाईंनी पेज मागितली, ती पोटात राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली.

पुन्हा नकाशाचा दिवस आला. हेमलताबाई एकट्या आत गेल्या. उज्ज्वला बाहेर, पाट्यांखालच्या बाकावर बसली. बाक भरला होता.

डॉ. कुरणेंनी पडदा वळवला. त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटावर सांज उतरत असताना, पहिली माणसं येऊन पायऱ्यांवर पणत्या ठेवू लागतात, तेव्हा घाट जसा दिसतो तसं ते दिसत होतं. बऱ्याच पायऱ्या अजून काळोखात होत्या. पण इथे एक, तिथे तीन, वळणावर एक ओळच्या ओळ लागली होती.

“वाटसरू की भाडेकरू?” हेमलताबाईंनी विचारलं. महिन्याभरात त्यांना ही परिभाषा पाठ झाली होती.

“खाचांत आहेत, मावशी. कुळं आहेत. लागली.”

हेमलताबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग दाराकडे तोंड करून, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून त्यांनी हाक मारली, “उज्ज्वला! आत ये.”

उज्ज्वला पिशवीत चष्मा शोधत आत आली. दार उघडंच राहिलं.

“काय हे?”

“तू.”

उज्ज्वलाने चष्मा लावला, पडद्याजवळ गेली. खूप वेळ बघितलं.

“अंधार बराच आहे अजून,” ती म्हणाली.

“असू दे. हिच्या हातचं आहे हे, डॉक्टर. हिच्या हातचं खाऊन मी जगले.”

“ताई, हळू बोला. बाहेर माणसं बसलीत.”

“म्हणूनच. तेव्हा गल्लीभर ऐकू गेलं होतं.” हेमलताबाईंनी श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्याने म्हटलं.

बाहेरच्या बाकावरची माणसं एकमेकांकडे आणि मग डोक्यावरच्या पाटीकडे बघू लागली. रुग्णाने स्वतः सांगू नये, असं तिच्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.